उष्णतेचा आराखडा कागदावरून रस्त्यावर कसा आणायचा?

विदर्भातल्या एका नगरपरिषदेत आपत्ती व्यवस्थापनाचं काम नव्याने हाती आलेल्या अधिकाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "गेल्या वर्षी उष्णता कृती आराखडा केला. बैठकीला सगळे विभाग आले, सगळ्यांनी माना डोलावल्या. एप्रिलमध्ये ऑरेंज अलर्ट आला तेव्हा मात्र पाणपोया आणि व्हॉट्सॲपवरच्या सूचना यापलीकडे काही घडलं नाही. वीज, शाळा, रोजगार हमी, रुग्णालय यांतलं एकही माझ्या हाताखाली नाही. या सगळ्यांकडून काम करून घ्यायचं कसं?"

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य हेच खरं दुखणं आहे. पूर आला की फाइल कोणाची हे ठरलेलं असतं: धरणाचा विसर्ग जलसंपदा सांगतं, गावं हलवायचं काम महसूल करतं, बोटी येतात. उष्णतेला असा धनी नाही. हवामान विभाग इशारा देतो, आरोग्य विभाग आजारी पडलेल्याला तपासतो, आणि या दोघांच्या मधलं सगळं, म्हणजे माणूस उन्हात किती वेळ राहिला, त्याच्या घरात रात्री पंखा चालला का, त्याला पाणी मिळालं का, हे दहा विभागांत विखुरलेलं असतं. जीव जातो तो या मधल्या पट्ट्यात. जिल्हा पातळीवर हे काम बरीच वर्षं केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की उष्णतेच्या बाबतीत समन्वय बैठकीत होत नाही. तो आधी काढून ठेवलेल्या आदेशात असतो. इशारा आल्यावर कोणी कोणाला विचारायची गरजच उरू नये, इतकं सगळं फेब्रुवारीत ठरलेलं असलं पाहिजे.

आधी अधिकाराचं बोलू. अधिकार आहे, तो तुमच्याकडे नसून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३३ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण, म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जिल्ह्यातल्या कोणत्याही विभागाला, अधिकाऱ्याला किंवा स्थानिक संस्थेला आपत्ती टाळण्यासाठी उपाय करण्याचा आदेश देऊ शकतं, आणि तो पाळणं बंधनकारक असतं. वाजवी कारणाशिवाय आदेश डावलला तर कलम ५१ मध्ये शिक्षेची तरतूद आहे. बैठकीत एक आक्षेप हमखास येतो: उष्णतेची लाट अधिसूचित आपत्ती नाही, मग हा कायदा लागू कसा? अधिसूचित आपत्तींची यादी मदतनिधीतून खर्च कशावर करायचा यासाठी असते. कायद्यातली आपत्तीची व्याख्या तिच्यापेक्षा बरीच मोठी आहे. हे उत्तर लेखी तयार ठेवा, नाहीतर अर्धी बैठक त्यातच जाते.

म्हणून तुमचं पहिलं काम आराखडा सुधारण्याचं नाही. आराखड्यातल्या मोजक्या गोष्टी निवडा, त्यांचा कलम ३३ खालचा आदेश-मसुदा करा आणि निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांमार्फत तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवा. आराखड्याला कोणी बांधील नसतं, आदेशाला असतं. महावितरणचा कार्यकारी अभियंता मुख्याधिकाऱ्यांच्या पत्राला उत्तर देईल किंवा देणारही नाही. जिल्हा प्राधिकरणाच्या आदेशाला मात्र त्याला अनुपालन अहवाल द्यावाच लागतो.

आता वेळ. आपल्या सरकारी वर्षाची रचनाच उष्णतेच्या विरुद्ध आहे. ३१ मार्चला जुना निधी संपतो, नव्या वर्षाची तरतूद हातात पडेपर्यंत मे उजाडतो. एप्रिलमध्ये सावलीसाठीच्या ग्रीन नेटची निविदा काढली तर नेट मृगाच्या पावसात बांधली जाते. दुसरं, राज्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे ऐन लाटेत माणसं बदलतात. मार्चच्या बैठकीत जबाबदारी घेतलेला वैद्यकीय अधीक्षक मे महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात असतो आणि नव्याला आराखडा कुठल्या कपाटात आहे तेही ठाऊक नसतं. त्यामुळे आदेशात व्यक्तीचं नाव न लिहिता पदनाम लिहा, प्रत्येक पदाला दुसरा पर्यायी अधिकारी नेमा, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांना हा आदेश जोडायला लावा. खरेदीचे कार्यादेश फेब्रुवारीअखेर निघालेच पाहिजेत.

पैशाबद्दल जास्त आशा लावू नका. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातले ३७ उष्णता आराखडे तपासले. पैसा कुठून येणार याची चर्चा त्यांतल्या फक्त ११ आराखड्यांत होती, आणि सर्वाधिक धोक्यात कोण व कुठे आहे हे तपासून मांडणारे आराखडे तर फक्त २ होते. राज्याला आपल्या आपत्ती प्रतिसाद निधीचा १० टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, पण ती वाट मंत्रालयातून जाते. तुमच्या पातळीवर नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात उष्णतेसाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडून घ्या, रक्कम लहान असली तरी चालेल. एकदा शीर्ष आलं की दरवर्षी त्यात काहीतरी पडतं. आणि हेही लक्षात ठेवा की यातल्या सगळ्यात उपयोगी गोष्टींना पैसा लागतच नाही. त्यांना वेळापत्रक बदलावं लागतं.

इशारा कोणता धरायचा? हवामान विभागाचा सर्वसाधारण निकष असा: मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर असेल तर उष्णतेची लाट, ६.४ अंशांपेक्षा जास्त वर गेलं तर तीव्र लाट. किंवा पारा थेट ४५ ला टेकला तर लाट, ४७ ला तीव्र लाट. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ अंशांपासून सुरू होते. हा हवामानशास्त्राचा निकष आहे आणि तो त्या कामासाठी योग्यच आहे. माणूस मात्र याच्या आधीही मरतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेले लाखो लोक तासन् तास उन्हात बसले होते. १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आत होता. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराकडे थंड होण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

अहमदाबादने हा प्रश्न नीट सोडवला. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ पर्यंत गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. मग महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसोबत रोजचे मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी शेजारी मांडून आपल्या शहराचे उंबरठे काढले: ४१.१ पासून यलो, ४३.१ पासून ऑरेंज, ४५ ला रेड. २०१३ मध्ये आलेला तो आराखडा दक्षिण आशियातला पहिला मानला जातो. तुमच्या शहराच्या लोकसंख्येत रोजचे मृत्यू इतके कमी असतील की असा हिशेब एकट्याने जमणार नाही. जिल्ह्याचा मिळून करावा लागेल, आणि ते काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवा. तोपर्यंत नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे रंग जसेच्या तसे घ्या, फक्त दोन बदल करून. मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या लाटेला एक रंग वरचा धरा, कारण तोवर अंगाला उन्हाची सवय झालेली नसते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, जो मजूर ४५ अंश सोसतो तोच मार्चमध्ये ४१ ला कोसळतो. आणि रात्रीचा पारा उतरत नसेल तर सलग तिसऱ्या दिवशी इशारा आपोआप एक पायरी वर न्या. टिनाच्या घरात रात्रभर न सुकणारा घाम म्हाताऱ्या हृदयाला दुपारच्या उन्हाइतकाच जड जातो.

आता आदेशात काय लिहायचं. इथेच बहुतेक आराखडे फसतात, कारण ते लोकांना सांगतात: दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. बाहेर पडायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे तो आधीच घरात बसलेला असतो. माझी पहिली सूचना अशी की सरकार स्वतः कोणाला उन्हात उभं करतं, त्याची यादी करा. ती लांब निघते. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे म्हातारे लाभार्थी बँकेच्या दारात दुपारी रांगेत असतात. रेशन दुकान, आधार केंद्र, तहसीलची सेतू खिडकी. रोजगार हमीवरचे मजूर. मे महिन्यात नालेसफाईला लावलेले कंत्राटी कामगार, जे नगरपरिषदेचेच आहेत. शाळेच्या परीक्षा. टँकरची वाट पाहणाऱ्या बायका. पोलिसांचा चौकातला बंदोबस्त. आणि निवडणूक: २०२४ च्या लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात, १ जूनला, एकट्या उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरचे ३३ कर्मचारी दगावल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. या सगळ्यांचं वेळापत्रक सरकारच्याच हातात आहे. ते बदलायला ना जनजागृती लागते ना अनुदान.

म्हणून ऑरेंजच्या पानावर असं काहीतरी असावं. हवामान केंद्राच्या दुपारच्या पत्रकात उद्याचा ऑरेंज दिसला की संध्याकाळी पाचच्या आत नोडल अधिकारी, म्हणजे समन्वयासाठी नेमलेला अधिकारी, ठरलेल्या यादीला संदेश धाडतो. त्यानंतर कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची नाही. दुसऱ्या दिवशी रोजगार हमी आणि नगरपरिषदेची सगळी अंगमेहनतीची कामं सकाळी सहाला सुरू होऊन अकराला थांबतात, आणि मजुरी पूर्ण मिळते. हे शेवटचं कलम गाळलं तर बाकीचं कोरडं आहे. मजुरी कापली जाणार असेल तर मजूर काम थांबवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बँका आणि रेशन दुकानं साठीच्या वरच्यांना सकाळच्या वेळेत आधी घेतात, रांग सावलीत असते. एसटी स्टँड, बाजार आणि रुग्णालयाच्या आवारातल्या पाणपोया भरल्या की नाही हे कोण पाहणार, त्याचं पदनाम. रेडला खुल्या मैदानातले सगळे सरकारी कार्यक्रम रद्द, खासगी कार्यक्रमांची दुपारची परवानगी रद्द. वाहतूक पोलिसांसाठी नागपूरचं उदाहरण समोर ठेवा: तिथे उन्हाळ्यात दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, मोठ्या चौकांत थांब्यावर ग्रीन नेट बांधतात. एका विभागाने घेतलेला साधा निर्णय, आणि दुचाकीवरच्या हजारो लोकांचे रोजचे काही मिनिटांचे चटके वाचतात.

महावितरणवर जरा थांबतो, कारण याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. मान्सूनपूर्व देखभाल, म्हणजे फांद्या छाटणं, तारा ताणणं, नेमकी मे महिन्यात चालते, आणि त्यासाठी सकाळपासून दुपारपर्यंत फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणारी वाहिनी, बंद ठेवतात. त्यांची अडचण खरी आहे. पावसाआधी ते काम झालंच पाहिजे. पण ऑरेंज किंवा रेडच्या दिवशी अकरा ते पाच नियोजित शटडाउन नाही, आणि रुग्णालय व पाणीपुरवठ्याच्या फीडरला त्या आठवड्यात हातच लावायचा नाही, एवढं ते मान्य करतात. त्यांना देखभालीचं वेळापत्रक फेब्रुवारीत मागा आणि काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओढून घेता येतं का ते बघा. वीज गेली की पंपही थांबतो, पाणी थांबलं की कूलर कोरडा पडतो, आणि विदर्भात कूलर कोरडा म्हणजे घराची भट्टी. पाणीपुरवठा अभियंत्याने हे गणित आधीच मांडायला हवं: कूलरमुळे मे महिन्यात मागणी वाढते, मग टिनाच्या घरांच्या वस्तीला पाणी कोणत्या वेळी सोडायचं?

रुग्णालयाची बाजू. इथे तुम्हाला दोन वेगळे वरिष्ठ सांभाळायचे आहेत: ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एकालाच पत्र दिलं तर अर्धी यंत्रणा सुटते. उष्माघात कक्ष म्हणून एक खोली, दोन कूलर आणि दारावर पाटी, एवढ्यावर समाधान मानू नका. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत बरळणं, झटके किंवा शुद्ध हरपणं, हा उष्माघात आहे आणि त्यात पहिला अर्धा तास निर्णायक असतो. आधी थंड करायचं, मग हलवायचं. कपडे सैल करून ताडपत्रीच्या झोळीत झोपवा, बर्फाचं पाणी ओता. ते नसेल तर मानेला, काखेत, जांघेत बर्फ, अंगावर पाणी आणि जोरात पंखा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. हे प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि १०८ च्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडून मार्चमध्ये एकदा हाताने करून घ्या, नुसतं सादरीकरण नको.

आणि बर्फ कुठून येणार? हा प्रश्न विचारला की बैठक शांत होते. गावातल्या बर्फ कारखान्याशी आधी दर ठरवून, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा हे लिहून ठेवा. रुग्णालयाच्या डीप फ्रीजरमध्ये लसींचे आइसपॅक असतात, त्यांच्यावर हा भार टाकू नये.

उन्हात काम करणाऱ्यांइतकाच धोका घरात बसलेल्यांना असतो. एकटी राहणारी म्हातारी बाई, तान्हं मूल, हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारा. यांतल्या काही औषधांनी घाम कमी होतो, काहींनी तहान कळत नाही. २००३ च्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांवर अशा लोकांची नोंदवही ठेवण्याची आणि लाटेत त्यांना संपर्क करण्याची जबाबदारी आली. आपल्याकडे अशी यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असते. ती कागदावर उतरवून घ्या, प्रभागवार. पण लाटेच्या दिवशी त्यांना दुपारी दारोदार फिरायला लावू नका. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, आणि त्या दिवशी त्यांच्याकडचं दुसरं एखादं सर्वेक्षण थांबवून. या कामाचा मोबदलाही आदेशातच लिहा. फुकट राबवून घेतलेल्या माणसाच्या जिवावर उभी केलेली यंत्रणा दुसऱ्या उन्हाळ्यात टिकत नाही, आणि ते न्याय्यही नाही.

मृत्यूंच्या नोंदीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण सगळ्या समन्वयाची कसोटी तिथे लागते. उष्माघाताचा मृत्यू नोंदला की चौकशी येते, बातमी येते, म्हणून नोंद टाळण्याकडे कल असतो. शिवाय खरोखरच बहुतेक मृत्यू हृदयविकार, किडनी निकामी, "वयोमान" अशा नावांनी जातात; उष्णता तिथे दिसतच नाही. दरवर्षी उन्हाळ्यात राष्ट्रीय पोर्टलवर उष्णताजन्य आजारांची माहिती भरली जाते, ती भरली गेलीच पाहिजे. पण तुमच्या हातात त्याहून साधं साधन आहे: नगरपरिषदेचं जन्म-मृत्यू नोंदणी पुस्तक आणि स्मशानभूमी, कब्रस्तानाच्या नोंदी. मार्च ते जून रोजचे एकूण मृत्यू, कारण काहीही असो, एका तक्त्यात कमाल आणि किमान तापमानाशेजारी लिहा. मागच्या पाच वर्षांचेही काढा. हा तक्ता दर सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊ द्या. त्यात कोणाचा दोष दिसत नाही, म्हणून तो कोणी दाबत नाही, आणि आकडा वर गेला की सगळे विभाग पाच मिनिटांत जागे होतात.

झाडं, पांढरी छपरं, नव्या इमारतींचे नियम याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक वाक्य: टिनाच्या छपरावर चुन्याचा पांढरा थर हे सगळ्यात स्वस्त आणि लगेच होणारं काम आहे, अहमदाबादने गरीब वस्त्यांत ते केलं, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं, घरकुलाच्या यादीतल्या वस्त्यांपासून सुरुवात करा.

बैठका कमी घ्या. मार्च ते जून दर सोमवारी वीस मिनिटं, उभ्या उभ्या, तीनच प्रश्न: या आठवड्याचा अंदाज काय, गेल्या आठवड्यात आदेशातलं काय झालं नाही, आणि मृत्यूंचा तक्ता काय म्हणतो. गैरहजर विभागाचं नाव इतिवृत्तात. तुमच्याच जिल्ह्यात एखादं शहर महानगरपालिका असेल तर त्यांच्याशीही बोलून ठेवा. २०२५ च्या कायदा दुरुस्तीने महापालिकांच्या शहरांसाठी वेगळ्या नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, तेव्हा शहर आणि जिल्हा यांचे आदेश एकमेकांना छेद देणार नाहीत हे आता मुद्दाम पाहावं लागेल. तेंदूपत्त्याच्या हंगामात वन विभागाला आणि वीटभट्ट्यांसाठी कामगार अधिकाऱ्यांनाही सोमवारच्या यादीत घ्या, कारण तिथले मजूर कुठल्याच प्रभागात मोजलेले नसतात.

पाऊस लागला की सगळे पुराकडे वळतात आणि उन्हाळा विसरला जातो, म्हणून आढावा जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरका. त्याला विभागप्रमुखांसोबत एक कंत्राटी सफाई कामगार, एक आशाताई, बाजारात पालावर भाजी विकणारी एक बाई आणि १०८ चा एक चालक बोलवा. आदेशातलं कोणतं कलम त्यांच्यापर्यंत पोचलं आणि कोणतं नाही, हे त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात घ्या आणि पुढच्या फेब्रुवारीच्या मसुद्याला जोडा.